नागपुरात हंगामाचा बाजार: काय, कधी, कुठून आणि कसं पारखून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नागपुरात बदली झाली आहे, घरात चार माणसं. दीड महिना मॉलमधून आणि मोबाइलवरून भाजी-फळं मागवली. संत्र्यांच्या गावात येऊनही संत्री आंबट निघाली, भाजीवाल्यांची निम्मी नावं कळत नाहीत, आणि कळमना, कॉटन मार्केट की गोकुळपेठ हे ठरत नाही. नोव्हेंबर सुरू आहे. आता काय घ्यावं, कुठून घ्यावं आणि वर्षाचं गणित कसं बसवावं?

आधी एक गोष्ट पक्की करून टाका. फळं आणि शेंगा यांच्या बाबतीत पहिल्या मालामागे धावू नका. हंगामाचे पहिले दहा-पंधरा दिवस भाव चढा असतो आणि माल कोवळा किंवा कच्चा असतो, कारण चांगला भाव मिळावा म्हणून तो लवकर तोडलेला असतो. आवक वाढली, प्रत्येक दुकानात तोच ढीग दिसू लागला, की भाव उतरतो आणि चवही तेव्हाच भरते. पालेभाज्या आणि रानभाज्यांचं मात्र बरोबर उलट आहे. तरोटा (टाकळा), चिवळ (घोळीसारखी बारीक पानांची भाजी), काटवल (करटोली), हरभऱ्याचा पाला यांची कोवळीक पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच असते, त्यानंतर स्वस्त मिळाल्या तरी दोऱ्या आणि बिया चावत बसावं लागतं. म्हणून फळासाठी थांबायचं आणि पाल्यासाठी घाई करायची. पुढचं बहुतेक सगळं यावरच उभं आहे.

आता नावं, कारण ती कळली नाहीत तर हवं ते मागता येत नाही. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, डोशाबरोबरचं नव्हे. सांबारवडी ही कोथिंबिरीचीच. कोहळं म्हणाल तर लाल भोपळा मिळेल. शेवग्याला मुनगा, चवळीच्या शेंगांना बरबटी, पेरूला जांब, कलिंगडाला टरबूज, बटाट्याला आलू, भुईमुगाला फल्ली, करटोलीला काटवल, अळूच्या पानांना धोप्याची पानं. ढेमसं मात्र पुण्यात फारसं कुणी खात नाही: हिरवं, गोल, लिंबापेक्षा मोठं फळ. लव असलेलं आणि नखाने सहज टोचलं जाणारं ढेमसं घ्यायचं. गुळगुळीत, फिकट पडलेलं असेल तर आत बिया टणक झाल्या आहेत.

कुठे जायचं

कळमन्याचं बाजार समितीचं आवार ठोक व्यवहारासाठी आहे. फळं, कांदा-आलू, मिरची, धान्य यांचे तिथे वेगवेगळे विभाग आहेत आणि पहाटेपासून सकाळपर्यंत बोली चालते. चौघांच्या घराला दर आठवड्याला तिथे जाण्याची गरज नाही. भाजी कॅरेटने निघते. टमाटरचं एक कॅरेट वीस किलोंच्या पुढे जातं. बोलीच्या भावावर अडत (अडत्याचं कमिशन) आणि हमालीही चढते, त्यामुळे ‘सगळं धरून किती’ हे आधी विचारावं. कळमन्याला वर्षातून चार-पाच फेऱ्या पुरतात: संत्र्यांच्या भरात, मिरचीला, साठवणीच्या कांद्याला आणि आंब्याला. तीन-चार घरांनी मिळून गेलात तर कॅरेट वाटून घेता येतं आणि फेरी परवडते.

कॉटन मार्केटचा महात्मा फुले भाजी बाजार शहराच्या मध्यात, रेल्वे स्टेशनपासून जवळ आहे. ठोकाबरोबर चिल्लरही मिळत असल्यामुळे तुमच्यासारख्यांना हा सगळ्यांत सोयीचा. उजाडण्याच्या सुमाराला ठोक व्यापाऱ्यांची गर्दी असते, ती थोडी ओसरली की सात-साडेसातच्या सुमारास एक-दोन किलो मोजून द्यायला विक्रेते तयार होतात. तेव्हा मालही ताजा असतो आणि निवडायला वावही. दहानंतर उरलेला माल येतो. उन्हाळ्यात तर नऊनंतर पालेभाजीला हातच लावू नये. नागपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं, त्यात तासभर उघड्यावर राहिलेल्या पालेभाजीवर पाणी मारून ती टवटवीत दाखवतात आणि घरी आणली की दुपारपर्यंत काळी पडते.

गोकुळपेठेत भाव थोडे जास्त, पण माल निवडलेला असतो. घाई असेल त्या दिवशी तिथे जावं. सदरचा मंगळवारी बाजार आणि महाल व सक्करदऱ्याचे बुधवार बाजार यांची मजा वेगळी आहे. या शहरात इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी वारांची नावं वस्त्यांना उगाच पडलेली नाहीत, ती जुन्या बाजारांची खूण आहे. आठवडी बाजारात आसपासच्या गावांतल्या बाया टोपली घेऊन बसतात आणि रानभाज्या त्यांच्याकडेच मिळतात. मोठ्या दुकानासमोर कितीही फिरलात तरी चिवळ किंवा तरोटा दिसायचा नाही. ज्या टोपलीत एकाच प्रकारच्या भाजीचा मोठा ढीग नसून चार-पाच प्रकारच्या थोड्या-थोड्या जुड्या आहेत, तिथे माल बहुधा घरचा किंवा रानातला असतो. मसाले आणि किराणा इतवारीत, मस्कासाथच्या बाजूला.

संत्री

आता तुमच्या आंबट संत्र्यांकडे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातले वरूड, मोर्शी हा त्याचा मुख्य पट्टा. झाडाला दोन बहार येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास फुलणारा तो आंबिया. पावसाच्या तोंडाशी, मृग नक्षत्राच्या आसपास फुलणारा तो मृग. बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडून फुलं आणायची, असं हे तंत्र आहे. सहसा एका बागेत एकच बहार धरतात. आंबियाची फळं उन्हाळाभर झाडावर पोसावी लागतात, म्हणून विहिरीला पाणी असणाऱ्यालाच ते जमतं.

आंबियाची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात. त्यांना थोडी आंबट चव असतेच, आणि सुरुवातीला तोडलेल्यांना जास्त. मृगाची फळं जानेवारीच्या शेवटाकडे दिसू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खरी गोड होतात. तुम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतली असतील तर ती आंबट निघणारच. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, मग आंबिया बरा लागेल. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा एक खिंड येते: आंबिया संपत आलेला, मृग अजून भरलेला नाही. या दिवसांत घाईने तोडलेला मृग गळ्यात मारला जातो, तेव्हा जपून.

मुख्य मुद्दा हा, की संत्रं झाडावरून उतरलं की त्याची गोडी वाढणं थांबतं. आंबा, केळी, सीताफळ घरी ठेवून पिकतात. संत्र्याचा फक्त रंग बदलतो. म्हणून ‘दोन दिवस ठेवा, गोड होईल’ हे ऐकू नका. रंगावरही जाऊ नका. रात्री गारठा पडल्याशिवाय सालीचा हिरवा रंग जात नाही, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आतून पूर्ण तयार संत्रंही बाहेरून हिरवट-पिवळं असू शकतं. उलट त्याच दिवसांत एकसारखी केशरी दिसणारी संत्री रंग आणून विकलेली असू शकतात.

पारख वजनावर करा. सारख्या आकाराची दोन हातांत घ्या, जड असेल ते ठेवा. बोटाने हलकं दाबा: साल किंचित सुटी लागणं हे नागपुरी संत्र्याचं लक्षणच आहे, पण साल फुग्यासारखी पोकळ लागली आणि फळ हलकं असलं, तर ते झाडावर जास्त राहिलं आहे आणि फोडी कोरड्या, दाणेदार निघतील. देठाकडे उंच मान आलेलं, जाड सालीचं मोठं फळ टाळा. बहुधा ते कोवळ्या झाडाचं असतं आणि त्यात रस कमी असतो. मध्यम आकार सगळ्यांत चांगला, किलोत सात ते नऊ फळं बसतील असा. देठाची जागा नक्की बघा. कात्रीने कापलेल्या फळाला देठाचं छोटं बटण चिकटलेलं असतं. ओढून तोडलेल्याची तिथली साल फाटलेली असते आणि सड तिथूनच सुरू होते.

डिसेंबर ते फेब्रुवारीत पंजाब-राजस्थानचा किन्नूही इथे येतो आणि तो संत्रं म्हणून विकला जातो. त्याची साल घट्ट चिकटलेली, चकचकीत, गडद केशरी आणि बिया भरपूर. रसाला किन्नू चांगलाच आहे, पण नागपुरी संत्र्याचा भाव त्याला देऊ नका. दोन्ही शेजारी ठेवून एकदा सोलून पाहिलंत, की पुन्हा फसणार नाही: नागपुरी अंगठ्याने एका दमात सोललं जातं.

चौघांना आठवड्याला तीन किलो पुरतात. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा आणि टोपलीत एका थरात पसरा. पिशवीत ओल साचून तिसऱ्या दिवशी हिरवी-निळी बुरशी धरते आणि शेजारच्या फळांना लागते. हिवाळ्यात बाहेर आठ-दहा दिवस सहज टिकतात, मार्चमध्ये मात्र फ्रिज लागतो. रस काढायचा तर किलोला जेमतेम ४०० मिली निघतो, आणि तो लगेच प्यावा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस अर्ध्या तासात कडू होतो, कारण बिया आणि पडद्यांतला कडूपणा हळूहळू रसात उतरतो. साली उटण्यासाठी वाळवत असाल तर बाहेरगावी पाठवायला मेण लावलेली, चमकणारी संत्री नकोत. काटोल किंवा अमरावती रस्त्याच्या कडेला मिळणारी, धूळ बसलेली संत्री त्याला बरी.

हिवाळ्यातल्या शेंगा आणि पाला

नागपुरी स्वयंपाकाचे खरे दिवस म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी. तुरीच्या शेंगा येतात, त्यांच्या ओल्या दाण्यांना इथे सोले म्हणतात. सोलेभात, सोले-वांगी, सोल्यांची आमटी यांसाठी ताजेच दाणे हवेत. शेंग हिरवी आणि फुगीर हवी, तांबूस-काळसर रेघा असल्या तरी चालतात, काही जातींत त्या असतातच. शेंगेचा हिरवा रंग उडून ती पिवळट, कडक झाली असेल तर दाणा पिठूळ झालेला असतो. बारीक गोल भोक दिसलं तर आत अळी आहे, ती शेंग सरळ टाका. ढिगातली मूठभर शेंग उचलून चार फोडून बघा. विक्रेते याला हरकत घेत नाहीत. एक किलो शेंगांतून अर्ध्याहून कमीच दाणे निघतात. चौघांच्या सोलेभाताला पाऊण ते एक किलो शेंगा लागतील. सोललेले दाणे विकत घेणं सोयीचं वाटतं, पण त्यात आदल्या दिवशीचे मिसळलेले असतात. वास घ्या, आंबूस वाटला तर नको.

जबलपूरकडचा मटार जानेवारीत भरपूर येतो आणि स्वस्त होतो, वर्षाचा साठा करायचा तर तेव्हाच. तोडल्यानंतर दाण्यातली साखर झपाट्याने कमी होऊन पीठ वाढतं, म्हणून आणलेल्या दिवशीच सोलायचा. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच थंडगार पाण्यात, कापडावर पूर्ण कोरडा, मग पातळ थरात पिशव्या भरून फ्रीझरमध्ये. कोरडं करण्याची पायरी वगळली की दाण्यांचा एकच दगड होतो. सोल्यांनाही हीच रीत. वालाच्या शेंगांना इथे पोपटीच्या शेंगा म्हणतात, त्याही याच दिवसांतल्या.

हरभऱ्याचा पाला डिसेंबरच्या सुरुवातीला, शेंडे खुडले जातात तेव्हा मिळतो. त्या पानांवरची आंब हीच त्याची चव, म्हणून जुन्या बायका तो धुवत नाहीत. आज फवारणी असते, तेव्हा अजिबात न धुणं योग्य नाही. करायच्या अगदी आधी भरपूर पाण्यात एकदा बुडवून लगेच उपसा, भिजत ठेवू नका. कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चं फल्लीचं तेल घालून त्याचा घोळाणा करतात, ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा. लाल अंबाडीची बोंडंही हिवाळ्यातलीच. चटणी आणि सरबताला. भरताची वांगी आकाराच्या मानाने हलकी असतील ती घ्या, जड वांग्यात बिया जास्त.

संक्रांत आणि भोगीच्या दोन दिवस आधीपासून हरभऱ्याचे डहाळे, बोरं, ऊस, गाजर, वालाच्या शेंगा सगळ्यांचे भाव चढतात. तीन दिवस आधी घ्या.

वर्षाची भरणी: मिरची, हळद, तांदूळ

यात एकदा चुकलं की वर्षभर सोसावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर.

भिवापूरची मिरची नागपूर जिल्ह्यातलीच, तिलाही भौगोलिक मानांकन आहे. लाल मिरची जानेवारीपासून दिसते, पण तेव्हा ती ओलसर असते. ओलाव्याचे पैसे देऊन आणलेली मिरची घरी वाळली की वजनाला घटते, आणि नीट न वाळता भरली तर तिला बुरशी येते. ही बुरशी विषारी असू शकते, नुसती निवडून भागत नाही, सगळा माल टाकावा लागतो. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च ही घेण्याची वेळ. चांगली मिरची मुठीत दाबली की चुरचुरते, हलवली की बिया वाजतात, वाकवली की तुटते. नुसती वाकली तर ओली आहे. पांढरट-पिवळे डाग पडलेली ती फटकी. ढिगात ती जितकी जास्त तितका तिखटाचा रंग फिका. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल असतोच, म्हणून हात कोपरापर्यंत आत घालून मधली मूठ काढा.

चौघांना वर्षाला साधारण तीन ते चार किलो तिखट लागतं, सावजी जेवणाची आवड लागली तर जास्त. देठ आणि खराब माल निघून किलोमागे ५० ते १०० ग्रॅम जातात, तेवढं धरून घ्या. नुसती तिखट मिरची वापरलीत तर रंग येत नाही. दोन भाग भिवापुरीला एक भाग ब्याडगी मिसळली की तिखटपणाही राहतो आणि रंगही. गच्चीवर पातळ कापडाखाली दोन दिवस कडक ऊन द्या, देठ खुडा, मग कांडप यंत्रावर न्या. यंत्रातून निघालेलं तिखट गरम असतं, तसंच डब्यात भरलं की झाकणाला पाणी धरून गोळे होतात. परातीत पसरून पूर्ण थंड होऊ द्या. भरताना हिंगाचा खडा आणि थोडं जाडं मीठ घालतात. सगळी मिरची एकदम दळू नये. अर्धी अख्खी, कोरड्या डब्यात, अंधारात ठेवा आणि दिवाळीआधी दळा. प्रकाशाने तिखटाचा रंग उडतो.

हळदीसाठी वायगावचं नाव घ्या. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातली ही हळद, तीही मानांकनप्राप्त. लोणच्याची ओली हळद जानेवारी-फेब्रुवारीत, वाळलेली मार्चपासून. हळकुंड तोडल्यावर आतून गडद नारिंगी हवं. अख्खं घेऊन दळून आणणं केव्हाही चांगलं, दळलेल्या हळदीत काय मिसळलं ते डोळ्यांना कळत नाही.

पूर्व विदर्भ भाताचा मुलूख. भंडाऱ्याचा चिन्नोर सुवासिक आणि मऊ. रोजच्या जेवणाला एचएमटी, जो वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून-निवडून तयार केला. नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत येतो, पण त्याचा भात चिकट होतो आणि पाणी कमी लागतं, वाटीला दीड-पावणेदोन वाट्या. जुन्याला दोन किंवा थोडं अधिक. मोकळा भात हवा असेल तर ‘जुना’ मागा आणि नव्याचा साठा सहा महिने ठेवून वापरा. किडीसाठी तांदूळ उन्हात टाकू नका, दाण्याला तडे जाऊन शिजताना कण्या होतात. घट्ट झाकणाचा डबा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरतो.

साठवणीचा कांदा एप्रिल-मेमध्येच, उन्हाळी पिकाचा. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही, महिन्याभरात कोंब फुटतात. मान सुकून घट्ट मिटलेला, वरची साल कोरडी आणि वाजणारी असा बघा. आलू आणि कांदा एकाच टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात.

उन्हाळा

भाज्या कमी, फळं जास्त. चिवळ मार्चपासून मिळते. तिच्या बारीक पानांत वाळू इतकी असते, की खोल भांड्यात तीन-चार पाण्यांतून वरच्यावर उपसून काढावी लागते. भांडं तिरपं करून पाणी ओतलंत तर तळाची वाळू परत भाजीत येते. मुगाची डाळ किंवा बेसन लावून करतात.

टरबूज घेताना जमिनीला टेकलेला डाग पिवळा हवा, पांढरा असेल तर ते कच्चं तोडलंय. कळमन्यात एप्रिलपासून आंध्र-तेलंगणाचा आंबा येतो, त्यात बैगनफल्ली सर्वाधिक. कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यावर बंदी आहे, इथिलीन वायूने ठरावीक मर्यादेत पिकवायला परवानगी आहे. कार्बाइडचा आंबा बाहेरून सपाट पिवळा, देठाशी वास नाही आणि आतला गर काही जागी पांढरट-टणक असतो. खात्री नसेल तर कच्चा पण भरलेला आंबा घ्या: देठाजवळचे खांदे वर आलेले, देठ किंचित खोल गेलेला. घरी गवतात किंवा कागदात सहा-आठ दिवसांत पिकतो. लोणच्याची कैरी मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी. पाऊस लागलेल्या कैरीचं लोणचं टिकत नाही.

पावसाळा

जून-जुलैत स्थानिक पालेभाजी जवळजवळ बंद होते, आलेली चिखल लागलेली आणि सडकी असते. भाव पाहून निराश होऊ नका, हे रानभाज्यांचे दिवस आहेत. तरोट्याची पहिली कोवळी पानं दोन-तीन आठवडेच मिळतात. ती उकळून पाणी टाकून द्यायचं, मग परतायची, नाहीतर उग्र लागते. काटवल जुलै-ऑगस्टमध्ये. महाग असतं, पण पाव किलोत चौघांची परतलेली भाजी होते. लहान, गडद हिरवं, मऊ काट्यांचं घ्या, पिवळसर झालेल्यात बिया दगड झालेल्या असतात. गडचिरोली-चंद्रपूरकडून वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, येतात. ते पातळ चिरून उकळून पाणी फेकणं बंधनकारक समजा, कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. रानातली अळिंबी, जिला इथे सात्या किंवा टेकोडे म्हणतात, ती फक्त पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावी. नवख्याने घेऊच नये. विषारी अळिंबी शिजवून निर्विष होत नाही.

धोप्याची पानं वडीसाठी घेताना देठ काळसर-जांभळा असलेली बघा आणि चिंच किंवा आंबट ताक पुरेसं घाला, नाहीतर घसा खाजतो. महालक्ष्म्यांना, म्हणजे तुमच्याकडच्या गौरींना, इथे सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो. त्या आठवड्यात काटवल, कोहळं, अंबाडी, धोपा यांचे भाव दुप्पट झाले तरी नवल नाही. कोहळं आणि सुरण आठवडाभर आधी आणून ठेवता येतात, पाला तेवढा आदल्या सकाळी.

पाऊस सरला की सीताफळं आणि शिंगाडे. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पांढरट-पिवळ्या झाल्या, की ते दोन दिवसांत पिकतं. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवलंत तर काळं पडून तसंच राहतं. शिंगाडे भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतले. बादलीभर पाण्यात टाका, तरंगतील ते फेका. तलावाच्या पाण्यातलं फळ असल्यामुळे कच्चं सोलून खाण्यापेक्षा मीठ घालून १५ ते २० मिनिटं उकडून खावं.

या आठवड्यापुरतं विचाराल तर रविवारी सात वाजता कॉटन मार्केट. दोन कापडी पिशव्या आणि एक टोपली न्या, कारण टमाटर आणि जांब पिशवीच्या तळाशी चेपतात. आधी पूर्ण एक फेरी काहीही न घेता मारा, तीन ठिकाणी भाव विचारा, मग घ्या. सुटे पैसे ठेवा. वजनकाटा शून्यावर आहे का आणि कॅरेट किंवा टोपली वजनात धरली जात नाही ना, एवढं पाहा. सांबाराच्या दोन जुड्या घ्या. मुळं कापून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. संत्री मात्र या खेपेला दीड किलोच घ्या, एक फोडून चव पाहा, आणि बरी लागली तर पुढच्या रविवारी शेजाऱ्यांबरोबर कळमन्याला जाऊन कॅरेट आणा.